तराजूवर जनावर पारखणारा शेतकरी : डिशलीचा रॉबर्ट बेकवेल

पैदाशीसाठी बोकड किंवा मेंढा घ्यायला बाजारात गेलात की तुम्ही काय बघता? उंची बघता, रंग बघता, कान किती लोंबतात, नाक किती बाकदार आहे ते बघता. माडग्याळ मेंढ्याच्या नाकापायी जत-आटपाडीकडे लाखांच्या बोली लागतात, हे तुम्ही पेपरात वाचलेलंच आहे. पण त्या मेंढ्याची पिल्लं सहाव्या महिन्याला किती किलो भरली, तेवढ्यासाठी त्यांनी चारा किती खाल्ला, आणि खाटकाकडे गेल्यावर मांसाचा उतारा किती पडला, असं विचारणारं गिऱ्हाईक शंभरात एखादंच निघतं.

आज ज्याची हकिकत सांगायची आहे तो माणूस हेच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी विचारत होता. तो शास्त्रज्ञ नव्हता आणि जमीनदारही नव्हता. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारं एक कूळ होता. त्याचं नाव रॉबर्ट बेकवेल. गुरांच्या आणि मेंढ्यांच्या जाती वाढीवर आणि मांसावर तोलून बघायची रीत ज्यांनी घालून दिली, त्यात त्याचं नाव पहिलं घेतात. त्याला त्यात यश किती आलं आणि तो फसला कुठे, दोन्ही गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत.

घरचं वातावरण आणि त्या काळची गुरं

बेकवेलचा जन्म 23 मे 1725 रोजी इंग्लंडच्या मधल्या भागात, लेस्टरशायर परगण्यात लफबरो गावाजवळ डिशली इथे झाला. वाडवडिलांपासून हे कुटुंब तिथली जमीन खंडाने करत होतं. तरुणपणी तो बरेच प्रांत हिंडला. कुठे कुरणं कशी राखतात, कुठल्या जातीची गुरं पाळतात, कोण काय चारतो, हे बघत फिरला. वडील थकले तसा कारभार त्याच्याकडे येत गेला आणि 1760 मध्ये वडील वारल्यावर सगळी शेती त्याच्या हाती आली. त्या वेळी तो पस्तिशीत होता. त्याने लग्न केलं नाही. घर सांभाळायला बहीण होती.

डिशलीची जमीन सुमारे 440 एकर. आपल्या मानाने ही मोठी जमीनदारी वाटेल, पण तिकडच्या हिशेबात तो बऱ्यापैकी मोठा कुळवाडी, एवढंच. आर्थर यंग नावाचा शेतीविषयक लेखक 1770 मध्ये तिथे येऊन गेला. त्याने लिहून ठेवलं आहे की यातली 110 एकर नांगराखाली आणि बाकी सगळी गवताखाली होती. तेवढ्यावर 60 घोडे, 400 मोठ्या मेंढ्या आणि लहानमोठी 150 गुरं पोसली जात होती. हे आकडे वाचून पहिला प्रश्न मनात येतो तो चाऱ्याचा. त्याचं उत्तर बेकवेलने पाण्यात शोधलं होतं. जवळच्या प्रवाहाचं पाणी पाट काढून त्याने कुरणांवर खेळवलं. भिजलेल्या कुरणाशेजारी न भिजलेला तुकडा मुद्दाम राखून ठेवायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला फरक डोळ्यांनी दिसावा. (आपल्या प्रात्यक्षिक प्लॉटचा आजोबाच म्हणा!) त्याच पाटात तो सलगमाचे कंद सोडून द्यायचा. कंद वाहत वाहत गोठ्याजवळ यायचे आणि येताना धुऊनही निघायचे. गाडीभाडं वाचलं आणि मजुरीही वाचली.

जनावरं सुधारायला निघालेल्या या माणसाने आधी चारा सुधारला, ही गोष्ट ध्यानात ठेवा. जातिवंत नर आणून कोरड्या कडब्यावर बांधला तर त्याची जात दिसणार कुठून?

आता त्या काळची गुरं कशी होती ते बघू. बैलाने आधी नांगर ओढायचा, गाईने आधी दूध द्यायचं, आणि वय झालं की मग ते जनावर कापायला जायचं. मेंढी पाळायची ती लोकरीसाठी आणि रानात बसवून खत मिळावं म्हणून. मांस हा शेवटचा, वरकड फायदा. त्यामुळे जनावर जेवढं थोराड आणि हाडापेराने जेवढं मोठं, तेवढं चांगलं, अशी समजूत होती. कळपं गावच्या सामाईक रानात एकत्र चरायची. कुठल्या गाईला कुठला वळू लागला याचा पत्ता नसायचा. आपल्या गायरानातली परिस्थिती तुम्हाला ठाऊक आहेच, ती याहून फार वेगळी नव्हती.

पण इंग्लंड बदलत होतं. शहरं वाढत होती, कारखाने आणि खाणी वाढत होत्या, विकत घेऊन मांस खाणारा मजूर वाढत होता. नांगराला बैलाऐवजी घोडे जुंपले जात होते. सामाईक रानं मोडून कुंपणं पडत होती. बेकवेलने हे ओळखलं. पुढे मागणी मांसाची राहणार, तर मग मांसासाठीच जनावर का घडवू नये, असा त्याने विचार केला.

खाटकाचा प्रश्न गोठ्यात आणला

त्याने पहिलं काम केलं ते अगदी साधं. नर आणि माद्या वेगळ्या केल्या. कुठली मादी कुठल्या नराला द्यायची ते स्वतः ठरवायला लागला. आज हे ऐकून काही विशेष वाटत नाही. पण आपल्याकडच्या किती शेळीपालकांच्या कळपात बोकड वेगळा बांधलेला असतो, हे मोजून बघा.

दुसरं काम अवघड होतं. चांगलं जनावर म्हणजे काय, हे त्याने नव्याने ठरवलं. जनावराच्या अंगावरचं सगळं मांस एका भावाने जात नाही. पाठीचं, कमरेचं आणि मागच्या फऱ्याचं मांस महाग; मान, नळ्या आणि पोटाकडचा भाग स्वस्त. डोकं, पाय, आतडी आणि जाड हाडं म्हणजे जवळपास तोटाच. पण चारा खाताना जनावर हाडालाही खातं आणि आतड्यालाही खातं. त्या चाऱ्याचे पैसे शेतकऱ्याने मोजलेले असतात, खाटीक मात्र त्याचे पैसे देत नाही. म्हणून हाड बारीक हवं, पोटाचा घेर बेताचा हवा, पाठ रुंद आणि पिंपासारखी गोल हवी, आणि जनावर लवकर तयार व्हायला हवं, असं त्याचं गणित. उंच आणि थोराड जनावराची आवड त्याने सोडूनच दिली.

हे तपासायची त्याची तऱ्हा त्या काळी लोकांना विचित्र वाटायची. डिशलीच्या घरात त्याने आपल्या नावाजलेल्या जनावरांचे सांगाडे मांडून ठेवले होते आणि मांसाचे तुकडे खारवून टांगले होते. आजीच्या हाडाची जाडी किती होती आणि नातीची किती आली, कुठल्या पिढीत चरबीचा थर वाढला, कुठल्या पिढीत मांस भरलं, हे तो पाहुण्यांना त्या तुकड्यांवरून दाखवायचा. आपल्याला हे जरा किळसवाणं वाटेल. पण कागदावरचे आकडे ज्याला वाचता येत नाहीत त्यालाही ते सांगाडे वाचता येत होते.

तिसरं काम तुलनेचं. वेगवेगळ्या जातींची जनावरं जवळजवळ ठेवायची, कुणी किती खाल्लं ते तोलायचं आणि कुणाचं वजन किती वाढलं तेही तोलायचं. जनावर जास्त वाढलं, एवढ्यावर त्याचं समाधान होत नव्हतं. एवढा चारा घालून किती वाढलं, हा त्याचा प्रश्न होता.

तुलना करताना कुठे फसगत होते

इथे जरा थांबून एक गोष्ट नीट बघू, कारण जातींची तुलना करताना मोठमोठे लोक इथेच चुकतात.

वासरू असो की करडू, अंग एका क्रमाने भरतं. हाडाची वाढ आधी जोर धरते, मग मांस भरतं, आणि चरबी सगळ्यांत शेवटी साठते. लहान चणीची, लवकर तयार होणारी जात हा क्रम लवकर पुरा करते. मोठ्या चणीची जात तो सावकाश पुरा करते. तेव्हा दोन जाती एकाच वयाला कापून तुलना केली तर मोठ्या चणीचं जनावर वजनाने पुढे दिसेल, पण ते अजून हाडाळ असेल. तेच दोघांना एकाच वजनाला कापलं तर लहान चणीचं जनावर चरबीने भरलेलं असेल आणि मोठं जनावर सडपातळ. दोघांची चरबी सारखी होईपर्यंत थांबलात तर आणखी तिसरंच उत्तर येईल. आज परदेशात गोमांसाच्या जातींची तुलना करतात तिथे हाच घोळ टाळायला आधी ठरवावं लागतं की तुलना समान वयाला, समान वजनाला की समान चरबीला. अँगस आणि हेरफर्ड या ब्रिटिश जाती लवकर चरबी धरणाऱ्या. शारोले आणि लिमुझँ या फ्रेंच जाती उशिरा भरणाऱ्या, पण त्यांच्यात मांस जास्त आणि चरबी कमी. यातली चांगली कोणती? ते तुमचा चारा किती, किती दिवस सांभाळणार आणि गिऱ्हाईक काय मागतं यावर ठरतं.

बेकवेलच्या बाजूने बघितलं तर त्याचा डाव साफ होता. त्याच्या भागातली जुनी मेंढी थोराड हाडाची आणि उशिरा तयार होणारी. त्याची नवी मेंढी दोन वर्षांच्या आतबाहेर कापायला जायची, जिथे जुन्या मेंढीला तीन-चार वर्षं सांभाळावं लागे. म्हणजे तेवढ्याच कुरणावर, तेवढ्याच वर्षांत, दुप्पट माल. कार्ल मार्क्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल. भांडवल फिरायला लागणारा वेळ कमी कसा होतो, हे समजावताना त्यानेही आपल्या भांडवलावरच्या ग्रंथात डिशलीच्या या मेंढीचा दाखला दिला आहे.

एक सावधगिरीची सूचना इथेच देतो. लंडनच्या बाजारातल्या गुरांचं सरासरी वजन अठराव्या शतकात दुपटीहून जास्त झालं, असे आकडे पुष्कळ पुस्तकांत छापलेले आढळतात आणि त्याचं श्रेय बेकवेलला दिलेलं असतं. त्या आकड्यांवर पुढच्या अभ्यासकांनी बऱ्याच शंका काढल्या आहेत. आधीचं वजन एका रीतीने मोजलेलं आणि नंतरचं दुसऱ्या, असा तो वाद आहे. तेव्हा तो आकडा सभेत ठोकून देऊ नका. बेकवेलची थोरवी त्या आकड्यावाचून अडत नाही.

वळू, मेंढे आणि गिनींची थैली

गुरांमध्ये त्याने लाँगहॉर्न, म्हणजे लांब शिंगाची जात धरली. शेजारच्या वॉरिकशायरमधल्या कॅनली गावच्या नामांकित कळपातून कालवडी आणल्या, उत्तरेच्या वेस्टमरलंड भागातून वळू आणला. त्यांच्यातून टूपेनी नावाचा वळू निपजला. त्याच्या पैदाशीची एवढी कीर्ती झाली की एका गाईला लावायचे पाच गिनी मोजावे लागत. गिनी म्हणजे 21 शिलिंग, पौंडाहून एक शिलिंग जास्त.

पण त्याची खरी कमाई मेंढ्यांत झाली. आपले मेंढे तो विकत नसे. एका हंगामापुरते भाड्याने देई. हंगाम संपला की मेंढा परत. पहिल्यांदा त्याने मेंढा भाड्याने दिला तेव्हा पुरता एक पौंडही मिळाला नव्हता आणि लोक त्याला हसले होते. तोच माणूस 1789 मध्ये तीन मेंढ्यांचे 1200 गिनी आणि आणखी सातांचे 2000 गिनी भाडं घेत होता, असं जुन्या लेखकांनी नोंदलेलं आहे. मेंढे पायी न पाठवता स्प्रिंग लावलेल्या गाड्यांतून पोचवले जायचे!

या भाड्याच्या व्यवहारात पैशापेक्षा मोठा एक फायदा दडलेला होता. त्याचा मेंढा दहा ठिकाणी, दहा प्रकारच्या मेंढ्यांना लागायचा. बेकवेल पुढे ती पिल्लं जाऊन बघायचा. ज्या मेंढ्याची पिल्लं सगळीकडे चांगली निघाली तो मेंढा खरा. मग तो दिसायला कसाही असो. असा मेंढा परत मिळाला की तो घरच्या कळपावर वापरायचा. आज वळूची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून करतात, त्याला आपण संततीवरून सिद्ध झालेला वळू म्हणतो. त्या रीतीची सुरुवात या भाड्याच्या मेंढ्यांत आहे. आपण मात्र चांगला नर विकून टाकतो आणि त्याची पिल्लं चांगली निघाल्याचं कळेपर्यंत नर हातचा गेलेला असतो.

सभोवतालच्या पैदासकारांना घेऊन त्याने 1780 च्या दशकात एक मंडळही काढलं. अमुक भाड्याखाली मेंढा द्यायचा नाही, अमुक माणसाला द्यायचा नाही, असे त्याचे कडक नियम होते. आजच्या भाषेत याला भाव पाडू न देणारी एकी म्हणा किंवा मक्तेदारी म्हणा. मला तरी दोन्ही वाटतं. आपले नर दुसऱ्याच्या हाती कायमचे पडू नयेत म्हणून तो फार जपायचा. खाटकाला विकायच्या मेंढ्या तो आधी पाणथळ रानात चारून रोगी करतो, म्हणजे खाटकाकडून कुणी पैदाशीला नेऊ नये, अशी वदंता त्याच्या हयातीपासून होती. कुठला वळू कुणाच्या पोटचा, याची वंशावळ त्याने छापून ठेवली नाही. पुष्कळसं ज्ञान त्याच्याबरोबरच गेलं.

जनावरांशी वागणं मात्र मायेचं. मारणं, ओरडणं त्याच्या गोठ्यात चालत नसे. भलेथोरले वळू एखादं पोर हातातल्या बारीक छडीने हाकत नेतं, हे बघून पाहुणे चकित होत. गोठे झाडूनपुसून लख्ख असायचे. त्याने घोड्यांचीही पैदास केली आणि त्याचा एक काळा घोडा राजा तिसऱ्या जॉर्जसमोर नेऊन दाखवला गेला.

पाहुण्यांचा राबता एवढा की फ्रान्स, जर्मनी, रशियापासून माणसं यायची. सगळ्यांना जेवूखाऊ घालायचं, पण घरचं वेळापत्रक कुणासाठी बदलायचं नाही. साडेदहाला शेवटची चिलीम झाडली की अकराला झोप, मग पाहुणा सरदार का असेना. हा पाहुणचार, प्रयोग आणि गुंतवणूक यांचा खर्च उत्पन्नाला झेपला नाही आणि 1776 मध्ये त्याचं चक्क दिवाळं निघालं. ज्याच्याकडे शिकायला लोक समुद्र ओलांडून यायचे त्याच्या दारात सावकार उभे होते. पण त्याने कळप मोडला नाही. वर जे 1789 चे भाव सांगितले ते या दिवाळ्यानंतरचे तेरा वर्षांनंतरचे आहेत.

नात्यातली पैदास आणि तिची किंमत

बेकवेलने आपल्या जातींना एकसारखं रूप दिलं ते जवळच्या नात्यात पैदास करून. बापाला लेक, आईला लेक, असे जोड त्याने बिनदिक्कत लावले. त्या काळचे लोक याला पाप समजत. बेकवेलचा तर्क असा की गुण एका घराण्यात सापडला असेल तर बाहेर जाऊन तो पातळ कशाला करायचा. त्याची निवड कडक होती, वाईट निघालेलं जनावर तो ठेवत नव्हता, म्हणून त्याचं बऱ्याच अंशी निभावलं.

पण हिशेब ऐका. बापापासून लेकीला झालेल्या पिल्लात नात्यातल्या पैदाशीचं प्रमाण 25 टक्के येतं. सावत्र भावंडांच्या जोडापासून झालेल्यात साडेबारा टक्के. हे प्रमाण वाढलं की पहिला फटका बसतो तो गाभण राहण्याला, पिल्लांच्या जगण्याला आणि दुधाला. नेमक्या याच गोष्टी बेकवेलच्या तराजूत नव्हत्या. त्याने मांस तोललं, हाड तोललं, चारा तोलला. दूध तोललं नाही. विण्याची नोंद निवडीसाठी धरली नाही.

परिणाम त्याच्या डोळ्यांदेखतच दिसू लागला. त्याची लाँगहॉर्न गाय चरबी धरायची, पण दूध कमी झालं. कमी विणाऱ्या आणि वासराला पुरेसं दूध नसलेल्या गाईंच्या तक्रारी यायला लागल्या. त्याची लेस्टर मेंढी लवकर तयार व्हायची, पण तिला जुळी कमी व्हायची आणि लोकरीचा उतारा घटला. मांसावर चरबीचा थर एवढा की खाणीतल्या कष्टकऱ्यांना तो चालायचा, पण पैसेवाल्यांच्या ताटात नको व्हायचा. घाम गाळणाऱ्या माणसाला स्वस्तात चरबी मिळाली, हा त्याचा फायदाच होता. तरी पसंती बदलली की चरबीची जात मागे पडणार, हे उघड होतं.

झालंही तसंच. डरहॅम परगण्यातले चार्ल्स आणि रॉबर्ट कॉलिंग हे भाऊ. यातला चार्ल्स डिशलीला येऊन बेकवेलची रीत शिकून गेला. त्यांनी ती रीत आपल्या भागातल्या आखूड शिंगाच्या शॉर्टहॉर्न जातीवर चालवली. ती गाय दूधही द्यायची आणि मांसही. त्यांचा कॉमेट नावाचा वळू 1810 मध्ये हजार गिनींना विकला गेला आणि 1822 मध्ये शॉर्टहॉर्नची छापील वंशावळ निघाली. मग पुढे इंग्लंडभर आणि जगभर शॉर्टहॉर्न पसरली, बेकवेलची लाँगहॉर्न मात्र हटत हटत मोजक्या गोठ्यांत उरली. शिष्य जिंकला, गुरूची जात हरली. चार्ल्स डार्विनने 1859 च्या आपल्या ग्रंथात, माणूस निवड करून जनावराचं रूप कसं बदलतो हे सांगताना बेकवेल आणि कॉलिंग या दोघांचीही नावं घेतली आहेत.

आपल्याकडे गाय, आणि 2015 पासून बैल व वळूसुद्धा, कापायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे लाँगहॉर्नचं गणित आपल्या खिलार, देवणी किंवा डांगीला लावायचं कारण नाही. त्या जाती आपण दूध आणि ओढकामासाठी सांभाळतो. पण उस्मानाबादी शेळी आणि दख्खनी मेंढी यांना ते लावता येतं. उस्मानाबादीचं एक बलस्थान म्हणजे जुळी देण्याची सवय. नुसता उंच आणि वजनदार बोकड निवडत गेलात आणि तो एकुलता जन्मलेला आहे की जुळ्यातला हे बघितलंच नाही, तर चार-पाच पिढ्यांनी डिशलीची गोष्ट आपल्या अंगणात होईल. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उलट्या टोकाने काम केलं. बंगालच्या लहानशा गारोल मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला. कारण दख्खनी मेंढीला सहसा एकच कोकरू होतं. वजन वाढवायचं तर कोकरांची संख्याही वाढवावी, असा त्यांचा विचार. मात्र दोन कोकरं पोसायची तर मेंढीला खुराक जास्त लागतो, हे विसरून चालत नाही.

कळपात काय करता येईल? जन्मलेल्या पिल्लाचं वजन, तिसऱ्या महिन्याचं वजन, सहाव्या महिन्याचं वजन, आणि जन्म एकुलता की जुळं. एवढे चार रकाने वहीत पाडा. धान्य तोलायचा टांगता काटा आणि एक झोळी पुरे. दोन बोकडांची पिल्लं तुलनेला घेतलीत तर एकाच हंगामातली, एकाच चाऱ्यावरची घ्या. नाहीतर पावसाळ्यातलं पिल्लू उन्हाळ्यातल्यापेक्षा चांगलं दिसेल आणि शाबासकी बोकडाला मिळेल. बोकड दोन वर्षांनी बदला, नाहीतर त्याच्या पहिल्या लेकी त्याच्याच समोर माजावर येतात. बदलायचा म्हणजे खाटकाला द्यायचा असं नाही. शेजारच्या गावच्या पाळणाऱ्याशी अदलाबदल करा, म्हणजे त्याची पिल्लं तुमच्या नजरेखाली राहतील आणि चांगली निघाली तर पुढे नातींसाठी नव्हे, पण नव्या विकत आणलेल्या माद्यांसाठी तो परत आणता येईल. बेकवेलचा भाड्याचा मेंढा तो हाच.

बेकवेल 1 ऑक्टोबर 1795 रोजी डिशलीलाच वारला. वय 70. शेती आणि कळप भाच्याकडे गेला. ज्या छोट्या चर्चमध्ये त्याला पुरलं ते आज पडक्या अवस्थेत आहे. त्याची लेस्टर मेंढी आता इंग्लंडात दुर्मीळ जातींत मोजली जाते, पण तिचं रक्त बॉर्डर लेस्टरसारख्या पुढच्या जातींत उतरलेलं आहे. लाँगहॉर्न गाय विसाव्या शतकात नामशेष व्हायच्या बेतात आली होती. हौशी पाळणाऱ्यांनी आणि दुर्मीळ जाती राखणाऱ्या संस्थेने ती सांभाळली आणि 1980 नंतर तिची संख्या पुन्हा वाढली. आता तिला मागणी आहे ती सहज विणारी, वासराला भरपूर दूध पाजणारी आणि ओबडधोबड रानात चरून राहणारी गाय म्हणून.